कब्बाला : विद्या आणि विद्येचे धनी
ज्यू धर्मातील गूढविद्येला 'कब्बाला' म्हणतात. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'परंपरेने मिळालेले'. अनंत ईश्वर दहा 'सेफिरोथ'मधून, म्हणजे दहा दिव्य शक्तींतून प्रकटतो, ही तिची शिकवण. तिचा प्रमुख ग्रंथ 'झोहर' तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला.

१४८६ साली पिको देला मिरांदोला या इटालियन तरुण विद्वानाने आपल्या ९०० सिद्धांतांत कब्बालाला स्थान दिले. पण कशासाठी? ख्रिस्ती धर्म खरा ठरविण्यासाठी! १४९२ मध्ये तर 'झोहर'च्या जन्मभूमीनेच धर्मांतर न करणाऱ्या ज्यूंना हद्दपार केले. विद्या मात्र युरोपात पसरत राहिली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एलिफास लेव्हीने हिब्रूची २२ अक्षरे टॅरोच्या २२ पत्त्यांशी जोडली. १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'गोल्डन डॉन' मंडळाने दीक्षेच्या पायऱ्या सेफिरोथवर बेतल्या.

जर्मन पंडित रॉइखलिन मला यांत वेगळा वाटतो. कब्बालाचा ख्रिस्ती अर्थ त्यानेही लावला. परंतु १५१० मध्ये ज्यूंचे ग्रंथ नष्ट करण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्याने लेखी विरोध नोंदविला. विद्या कोणीही घ्यावी. पण जिच्या धन्यावर संकट येताच आपण मुके होतो, ती विद्या आपण घेतली नाही, केवळ उचलली, असे मला वाटते.