आधी श्वास, मग हात

सोलापूर

चि. भाचीस,

३८व्या वर्षी पोहायला शिकून तलावाच्या फेऱ्या मारायच्या, हा तुझा बेत मला पटला. फक्त ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ ही म्हण डोक्यातून काढून टाक. आपल्याकडे खेड्यातली पोरं पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत शिकतात, तीही नुसती पडल्यामुळे नव्हे. भोपळ्यानं तोंड पाण्यावर राहतं, श्वास चुकत नाही, म्हणून भीती मोडते. मोठ्या माणसाचं घोडं नेमकं श्वासापाशीच अडतं. छाती हवेनं भरलेली असली की बहुतेकांचं अंग तरंगतं. पण नवशिका घाबरून मान वर काढतो, तसे पाय खाली जातात, आणि ते वर आणायला तो जोरजोरात झाडत बसतो. त्यात तोंड पाण्याखाली असेपर्यंत श्वास कोंडून धरतो. जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा हवा संपल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड आत साचल्यामुळे. मान वळवल्यावर मिळणाऱ्या क्षणभरात श्वास सोडणं आणि घेणं दोन्ही उरकत नाही. म्हणून सोडायचा पाण्यात, घ्यायचा वर. हे साधेपर्यंत हात कितीही सफाईनं मारलेस तरी २५ मीटरची एक लांबी पुरी व्हायच्या आत धाप लागेल.

आता एवढं बळ कुठून आणू, असं म्हणशील. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर मूळचे बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पायांतलं बळ गेलं, तेव्हा ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत मिळवलं. लोक ही गोष्ट जिद्दीसाठी सांगतात. मला त्यात पाय झाडण्याच्या खटाटोपाला दिलेलं उत्तर दिसतं. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ही चैन कशाला, हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावतं. पण ते रोज बदलत नाहीत; गाळून, क्लोरीन घालून तेच फिरवतात आणि घटेल तेवढी भर घालतात. तेव्हा आधी अंग धुऊन मगच उतर. पाण्यात मळ कमी गेला तर ते जास्त दिवस चालतं, एवढं ऋण तरी फेडता येईल.

मे महिन्यात जाऊ नकोस. सुट्टीतल्या पोरांच्या गर्दीत सरळ रेषेत चार हात मारायला जागा मिळत नाही. शाळा उघडल्या की अशोक चौकातल्या मार्कंडेय तलावावर बायकांच्या वेळेची चौकशी कर. कुणाच्या विहिरीवर मात्र शिकायला जाऊ नकोस. जीवरक्षक हजर असेल तिथंच उतर. पहिला आठवडा कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून नुसते बुडबुडे सोड. शेजारची पोरं हसतील, हसू देत.

तुझा मामा