गोम चावली, की आणखी काही?

पावसाळा लागला की मोरीच्या जाळीतून, ओल्या पायपुसण्याखालून, दाराशी काढलेल्या बुटातून गोम निघू लागते. तिच्या अंगावर ओल धरून ठेवणारा मेणचट थर नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत ती तगत नाही. दिवसा ओलीत दडायचे आणि रात्री झुरळे, कोळी टिपायचे, हा तिचा क्रम. माणसावर ती आपणहून चाल करत नाही. अंगाखाली किंवा हाताखाली दबली की चावते.

इंग्रजी ‘सेंटिपीड’ हे नाव लॅटिनमधले: ‘सेंटम’ म्हणजे शंभर, ‘पेस’ म्हणजे पाय. प्रत्यक्षात तिच्या पायांच्या जोड्या जवळजवळ नेहमीच विषम असतात, 15 पासून 191 पर्यंत. त्यामुळे पन्नास जोड्यांची, म्हणजे बरोबर शंभर पायांची गोम सहसा सापडायची नाही. आपल्याकडच्या मोठ्या गोमेला, जिला कोकणात घोण म्हणतात, बहुधा 21 जोड्या असतात.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती डोक्यालगतची आणखी एक जोडी. ते पायच, पण त्यांच्या विषारी नांग्या झालेल्या असतात. म्हणून जखमेवर टाचणीने टोचल्यासारखे दोन लाल ठिपके शेजारी शेजारी दिसतात.

वाणी किंवा पैसा हा किडा वेगळा. त्याच्या शरीराच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, आणि हात लावताच तो गुंडाळी करतो. तो चावत नाही. मात्र त्याच्या अंगातल्या स्रावाने कातडीवर तपकिरी डाग पडतो. साबणाने धुवा. स्राव डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जा.

गोम चावल्यावर

वेदना तत्क्षणी आणि जबर होते. लाली व सूज येते, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. जखम साबण-पाण्याने धुवा. बोटाला चावली असेल तर सूज चढण्याआधी अंगठी काढा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. पॅरासिटामोल चालेल. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. चिरा देणे, चोखणे, दोरीने आवळणे, रॉकेल लावणे यांतले काहीही करू नका.

अंगभर गांधी, ओठ-चेहऱ्यावर सूज, धाप, चक्कर किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. लहान मुलाला चावल्यास डॉक्टरांना दाखवाच. कानात काही जिवंत शिरले, तर पिन, काडी किंवा चिमटा घालू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

काय चावले ते दिसलेच नाही तर?

हा मजकूर मी मुख्यतः याच प्रश्नासाठी लिहितो आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावते, दिवा लावून पाहिले तर काही दिसत नाही, आणि ‘गोम असेल’ म्हणत चुना लावून तो पुन्हा आडवा होतो. मण्यार नेमकी अशीच, रात्री झोपेत चावते. तिचे दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही, आणि दुखतही फारसे नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आवंढा गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबतो.

म्हणजे ठणका कमी आहे हे काही दिलासा मानायचे कारण नाही. खूप ठणका आणि त्यासोबत दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय असतील, तर तो लाल विंचवाचा डंख असू शकतो. त्यावर प्राझोसिन हे औषध वेळेत मिळाले तर जीव वाचतो. गोम डोळ्यांनी पाहिली असेल तरच गोम म्हणा. नाही तर सर्पदंश समजा, चावलेला भाग हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि सर्पविषावरील लस मिळेल अशा रुग्णालयात पोहोचा. तिथे निरीक्षणाखाली काढलेली एक रात्र वाया गेली असे कुणी मानू नये.

घरात मोरीला बारीक जाळी बसवा, भिंतीलगतचा पाला आणि विटांचा ढीग हलवा, बूट झटकून घाला. शक्यतो खाटेवर झोपा. जमिनीवर झोपायचे असेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा. गोम, विंचू आणि मण्यार या तिघांनाही ती अडवते.