दुखत नाही म्हणून थांबू नका

‘‘डॉक्टर, दुखत तर नाही. दिवाळी झाली की बघू.’’ तोंडातल्या चट्ट्याबद्दल हे उत्तर ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यांत नेहमी ऐकू येते. हा उशीर कर्करोगाच्या कसा पथ्यावर पडतो, ते आज पाहू.

तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, सुपारी यांमुळे तोंडातील पेशी बिघडून बेसुमार वाढू शकतात. प्रत्येक पेशीला रक्तातून प्राणवायू मिळतो. गाठ एक-दोन मिलिमीटरहून मोठी होऊ लागली की आतल्या पेशींना तो अपुरा पडतो. काही पेशी मरतात. उरलेल्या मात्र जगण्याची युक्ती काढतात.

आपल्या पेशींत ‘हिफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू पुरेसा असला की ते काही मिनिटांतच नष्ट होते. प्राणवायू कमी पडला की ते टिकते आणि पेशीला हुकूम देते : नव्या रक्तवाहिन्या मागवा, प्राणवायूवाचून साखरेतून ऊर्जा मिळवा. उंच पहाडावर राहिल्यास तांबड्या रक्तपेशी वाढतात, त्याही याच यंत्रणेमुळे. ती उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराची ही सोय कर्करोग स्वतःसाठी वापरतो. गाठ फोफावते, पसरण्याचा धोका वाढतो. शिवाय प्राणवायू कमी असलेल्या पेशींवर किरणोपचाराचा परिणामही कमी होतो.

सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ होते, तेथील रक्तपुरवठा घटतो आणि तोंड उघडेनासे होते. हीसुद्धा कर्करोगाची पूर्वावस्था असू शकते. म्हणून तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, सवय मात्र सुटलेली नाही.

व्यसन असेल त्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात गाल, हिरड्या व जिभेच्या कडा पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तपासणीसाठी तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. परळचे टाटा रुग्णालय आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. गाठ लहान असताना उपचार सोपे असतात व बरे होण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा तंबाखू-सुपारी आजच सोडा आणि दिवाळीची वाट पाहू नका.