अन्यायाचें युद्ध : गर्व कीं दुष्ट हेतु?

इतिहासांत एखादें अन्यायाचें युद्ध वाचनांत आलें म्हणजे तें आरंभणारा पुढारी दुष्टच असला पाहिजे, असें आपण सहज म्हणतों. परंतु येथें दोन दोष निरनिराळे ओळखले पाहिजेत. अन्याय आहे हें जाणूनही तो करणें, हा दुष्ट हेतु. आपल्या हातून चूक होणेंच शक्य नाहीं असें मानणें, हा गर्व. यांपैकीं कोणता दोष पुढाऱ्यास युद्धांत लोटतो, हें पाहण्यास पहिलें अफगाण युद्ध (१८३९-१८४२) फार उपयोगी आहे.

त्या वेळचे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑक्लंड हे क्रूर म्हणून प्रसिद्ध नव्हते. रशिया अफगाणिस्तानच्या वाटेनें हिंदुस्थानावर येईल, ही त्यांची भीति. इराणच्या शहानें रशियाच्या पाठिंब्यावर हेरातेस वेढा घातला, तेव्हां ती वाढली. काबूलचा अमीर दोस्त महंमद याच्याशीं सख्य होऊं शकेल, असें तेथें गेलेले वकील अलेक्झांडर बर्न्स यांनीं कळविलें होतें. परंतु पेशावराविषयीं अमिराचा रणजितसिंगाशीं तंटा होता, व रणजितसिंगास दुखविण्याची सरकारची तयारी नव्हती. तेव्हां १८०९ सालीं पदच्युत होऊन पुढें लुधियान्यास सरकारी पेन्शनीवर राहणाऱ्या शहा शुजास गादीवर बसविण्याचें ठरलें. ता. १ ऑक्टोबर १८३८ रोजीं सिमल्याहून जाहीरनामा निघाला. शुजा अफगाण लोकांस प्रिय आहे, असें त्यांत ठासून सांगितलें होतें.

येथवर भीतीस व चुकीच्या समजुतीस दोष देतां येईल. खरी कसोटी पुढेंच लागली. इराणी सैन्य सप्टेंबरांतच हेरात सोडून परत गेलें होतें. ती बातमी कळल्यावरही मोहीम चालूच राहील, असें ऑक्लंड यांनीं नोव्हेंबरांत जाहीर केलें. मुख्य कारण गेलें, पण युद्ध राहिलें! दुसऱ्याच्या देशांत राजा कोण असावा हें आपण ठरवूं शकतों, ही समजूत मात्र शिल्लक उरली. आणि हाच गर्व होय.

गर्वाच्या पाठोपाठ लबाडी आली. १८३९ सालीं लंडनांतील मंत्र्यांनीं बर्न्सचीं पत्रें पार्लमेंटपुढें ठेविलीं, तीं काटछाट करून. अमिराच्या बाजूचा बराच मजकूर गाळलेला होता. तीं पूर्ण रूपानें छापलीं गेलीं १८५९ सालीं. आरंभीं ज्यास दुष्ट हेतूची गरज नव्हती, त्या कृत्याचें समर्थन करण्यास मात्र असत्य लागलें.

ऑगस्ट १८३९ मध्यें शुजा काबूलास पोहोंचला. मुंबई इलाख्याचें सैन्यही या स्वारींत होतें. ता. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबूलांत उठाव होऊन बर्न्स मारले गेले. ता. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें ४,५०० शिपाई व १२,००० बाजारबुणगे बर्फांतून परत निघाले. ता. १३ रोजीं जलालाबादेस डॉक्टर ब्रायडन हा एकटा युरोपियन पोहोंचला. कांहीं थोडे कैदेंत वांचले. बाकीचे बहुतेक खिंडींत थंडीनें व गोळीनें मेले. मेलेल्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई, नोकरचाकर, बायका व मुलें होतीं. जाहीरनाम्यांतील एका अक्षराविषयींही त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. १८४३ सालीं दोस्त महंमद पुन्हां काबूलच्या गादीवर आला.

आमच्या मतें या दोन दोषांत गर्व अधिक भयंकर आहे. दुष्टास आपलें कृत्य लपवावें लागतें, म्हणून त्यास भीति तरी असते. गर्विष्ठ मनुष्य अन्याय करूनही सुखानें झोंपतो. गर्वाचें घर खालीं, अशी आपली म्हण आहे. परंतु राज्यकर्त्याचें घर पडतें तें दुसऱ्यांच्या अंगावर.

म्हणून कोणी पुढारी युद्धाची हांक देईल तेव्हां तीन प्रश्न विचारावे. कारण नाहींसें झालें तर हा थांबेल काय? विरुद्ध सल्ला देणाऱ्याचें पत्र हा सर्वांस वाचूं देईल काय? आणि मरावयाचें कोणीं? तुम्हांपैकीं कोणी उद्यां अधिकारावर चढतील. त्यांनीं हेच प्रश्न प्रथम स्वतःस विचारावे.