अंग पुसताना पाठ बघा

थंडी पडली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाबा अंथरुणाला खिळलेत, बाहेर सहा अंश तापमान आहे. चार दिवस अंग नाही पुसलं तर चालेल का?" साबण लावून सगळं अंग आठवड्यातून दोन-तीनदा पुसलं तरी या दिवसांत पुरतं. तोंड, काखा, जांघा आणि शी-शूची जागा मात्र रोज पुसायची. आणि पाठ रोज बघायची, त्यात खाडा नको.

पाठ बघण्याने काय साधतं हे मुंबईत केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी दाखवून दिलं आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला जाईपर्यंत या सहकाऱ्यांच्याच देखभालीत होत्या. त्यांच्या दयामरणाच्या मागणीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने दाबाखाली होणारी जखम, झालेला नव्हता. दयामरणाच्या चर्चेत ही नोंद मागेच राहिली. मला मात्र ती फार मोठी वाटते, कारण असा परिणाम औषधाने मिळत नाही. कूस बदलणं, पुसणं, कोरडं करणं आणि डोळे उघडे ठेवून बघणं, हे रोज करावं लागतं. चार जणांच्या घरातही ते जमतं.

आधी खोली ऊबदार करा. हीटर खाटेपासून आणि पडद्यांपासून लांब ठेवा. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर लाल तापणाऱ्या तारांचा हीटर त्या खोलीत आणूच नका. बंद खोलीत अंगीठी तर कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खाटेवरच्या माणसाला उठून दारही उघडता येत नाही. पाणी कोमट घ्या आणि स्वतःच्या कोपराने तपासा. लकवा झालेल्या, मणक्याला मार लागलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या माणसाला चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावरच आपल्या लक्षात येतं. एका भांड्यात साबणाचं पाणी आणि दुसऱ्यात साधं, असं वेगवेगळं ठेवा. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर साबण अगदी थोडा वापरा, तो अंगावरून नीट निघत नाही आणि कातडीला भेगा पडतात. पाण्यात डेटॉल टाकण्याची सवय सोडा, त्यानेही कातडी कोरडी पडते.

चादरीखाली मेणकापड घाला आणि सगळं अंग पांघरुणाने झाका. एका वेळी एकच भाग उघडायचा, पुसायचा, टिपून कोरडा करायचा आणि पुन्हा झाकायचा. यामुळे थंडी वाजत नाही आणि माणसाची लाजही राखली जाते. सासऱ्यांचं अंग सुनेने पुसायचं म्हटलं की दोघंही अवघडतात. अशा घरात तेवढा भाग मुलाने करावा, निदान सुट्टीच्या दिवशी तरी. वडील बोलू शकत नसले तरी "बाबा, आता हात पुसते हं" असं म्हणूनच हात लावा.

सुरुवात डोळ्यांपासून करा. साध्या पाण्याने नाकाकडून कानाकडे पुसा, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा घ्या. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि सगळ्यात शेवटी गुह्यांग, तेही ताजं पाणी आणि वेगळं कापड घेऊन. बायकांमध्ये नेहमी पुढून मागे पुसायचं. पुरुषांमध्ये कातडी हलकेच मागे सारून पुसली तर ती परत पुढे आणायला विसरू नका. लघवीची नळी असेल तर ती मुळाशी धरून शरीरापासून बाहेरच्या दिशेने पुसा, आणि पिशवी कधीही पोटाच्या वर उचलू नका. नाकातल्या नळीने भरवत असाल तर त्यानंतर तासभर थांबा, लगेच आडवं केलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंगावरचा सदरा काढताना धड हात आधी आणि घालताना लुळा हात आधी. लुळा हात धरून माणसाला ओढू नका, खांदा निखळतो.

आता पाठ. कुशीवर वळवायला दोघं जण लागतात, आणि उजेड चांगला हवा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, कानांच्या कडा आणि डोक्याची मागची बाजू बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. तो क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून फिरतं आहे, त्या जागेवरचा भार काढला की सुधारतो. दाबूनही फिका पडत नसेल तर आतलं मांस दबायला लागलं आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहसा कळतच नाही. म्हणून हाताची मागची बाजू लावा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा मऊ लागते का, जांभळट दिसते का, ते पाहा. अशा जागेवर तेल चोळू नका. आजी-पणजीपासून चालत आलेली ती माया आहे हे मी जाणतो, पण चोळल्याने आतल्या पेशी आणखी फाटतात. जागा कोरडी करा, त्यावरचा भार काढा, आणि दर दोन तासांनी कूस बदला. एक पोटरी अचानक सुजली असेल तर तीही चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

एजन्सीच्या अटेंडंटवर सगळं सोपवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दिवसातून एकदा घरच्या माणसाने ती पाठ स्वतः पाहावी. अटेंडंट बदलतात, महिन्यापूर्वीची कातडी कशी होती हे नव्या बाईला ठाऊक नसतं. आजींना हिंदी येत नसेल तर "आता कूस वळवते", "पाणी गार लागतं का?", "दुखतंय का?" अशी चार वाक्यं कागदावर लिहून भिंतीला लावा. लिपी एकच असल्याने हिंदी वाचणाऱ्या बाईला ती वाचता येतात.

कॅन्सरचा रुग्ण घरी असेल तर दिल्ली परिसरात कॅनसपोर्ट ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था घरी येऊन मोफत सेवा देते. तिच्या परिचारिकांकडून हे सगळं प्रत्यक्ष शिकून घ्या.

आणि कातडी फाटली, फोड आला, काळी पडली, जखमेला वास सुटला किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर घरगुती मलम लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.