कीबोर्ड मेला असं म्हणण्याआधी

वैरागात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान आहे. मशीन सगळ्या जुन्या, म्हणून त्यांच्यावर लिनक्स. पडद्यावर सगळं नीट दिसतंय, घड्याळ पुढं सरकतंय, प्रिंटर कागद टाकतोय, पण कीबोर्ड नाहीतर माउस ऐकत नाही, हा प्रकार लिनक्सवाल्याच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. आणि तो येतो नेमका पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला, दारात रांग असताना.

अशा वेळी 'मशीन हँग झाली' म्हणून पॉवरचं बटण दाबून धरायचा मोह आवरा. आमच्याकडं एका पोरानं ते केलं तेव्हा खरेदीखताचा मसुदा टाइप होत होता. लिब्रेऑफिसनं आपणहून राखलेल्या प्रतीतून बरंचसं परत आलं, पण जमिनीची चतुःसीमा गेली आणि ती पुन्हा विचारायला गिऱ्हाईक जागेवर नव्हतं. मशीन मुळात हँग झालीच नव्हती, माउस हलत होता. गिऱ्हाइकानं आपलं जाडजूड रजिस्टर कीबोर्डच्या कडेवर टेकवलं होतं आणि त्याखाली शिफ्टची कळ दबून राहिली होती. शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की बऱ्याच डेस्कटॉपवर 'स्लो कीज' ही सोय सुरू होते. हात थरथरणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. मग प्रत्येक कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही आणि भराभर टाइप करणाऱ्याला वाटतं, कीबोर्ड मेला. शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरा, नाहीतर माउसनं सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ती बंद करा. याचाच भाऊ म्हणजे 'माउस कीज'. शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले गेले की उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आधार नंबर लिहायच्या सोडून पडद्यावरचा बाण हलवायला लागतात.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत पुढं जातो: कळेचा दाब कुठपर्यंत पोचतोय? शेतात पाणी आलं नाही म्हणून कुणी लगेच मोटर बदलत नाही, आधी पाइपलाइन बघत जातो. इथली वाट अशी: कळ, वायर, यूएसबी, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, मग पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स किंवा वेलँड, मग मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम, आणि शेवटी तुमची खिडकी.

मराठी माणसाचा घोळ बहुधा या वाटेच्या शेवटच्या टोकाला असतो. लिनक्सवर आपण मराठी लिहितो ते बहुतेक ठिकाणी आयबस नावाच्या प्रोग्रॅममार्फत. तो अडकला की प्रत्येक कळ त्याच्याकडंच थांबते आणि खिडकीपर्यंत काही जात नाही. माउस मात्र ठणठणीत. आयबसच्या चिन्हावर उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडलं की बहुतेक वेळा टायपिंग परत येतं, उघडलेली फाइलही शाबूत राहते. दुसरा घोळ लॉगिनच्या पडद्यावरचा. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो, पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, आणि आपण बरोबर टाइप करूनही मशीन नाही म्हणत राहते. कोपऱ्यातली भाषेची खूण बघा. युजरचं नाव आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी धड उमटत नाही.

माउस आणि कीबोर्ड दोन्ही गप्प असतील तर आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर दाब वायरीतून आत पोचतोय. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येऊन नाव विचारलं, तर कर्नल शुद्धीवर आहे आणि दोष वरच्या चित्रमय भागात आहे. दिवाही लागत नसेल तर यूएसबीचं टोक काढून मशीनच्या मागच्या भोकात थेट लावा, हबमध्ये नको. वीज गेली-आली आणि इन्व्हर्टरनं भार उचलला की स्वस्तातले हब हमखास रुसतात. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल निळ्या यूएसबी ३ च्या शेजारून हलवा. त्या पोर्टच्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झवर त्रास होतो, हे इंटेलनंच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका अपडेटनंतर. लॉगिनचा पडदा आला, बाण मधोमध, आणि काहीच हलेना. बघायला आलेल्या कारागिरानं मदरबोर्डचा यूएसबी गेला म्हणून सांगितलं. पण सुरुवातीच्या ग्रबच्या यादीत बाणाच्या कळा चालत होत्या. म्हणजे कीबोर्ड आणि भोक दोन्ही शाबूत. रिकव्हरी मोडमध्येही टाइप होत होतं, म्हणजे कर्नलही. राहिला एक्स. ही विंडो सिस्टिम एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली, आज चालते ती ११ वी आवृत्ती १९८७ ची, आणि तिच्यात कीबोर्ड-माउसचे ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजात येतात. एक्स नवा आला आणि जुनं इनपुटचं पॅकेज काढलं गेलं, तर पडदा दिसतो आणि हात बांधलेले राहतात. एक्सच्या लॉगमध्ये 'नो इनपुट ड्रायव्हर स्पेसिफाइड' अशी ओळ सापडली. मोबाइल वायरीनं जोडून इंटरनेट दिलं, ते पॅकेज पुन्हा घातलं, काम झालं. त्यामुळं अपडेट करताना 'ही पॅकेजेस काढली जातील' ही यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. त्यात 'इनपुट' हा शब्द दिसला तर थांबाच.

काहीच चालेना, तर बटणाऐवजी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी दाबा: डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, डिस्कला कुलूप लागतं, मशीन पुन्हा सुरू होते. सेव्ह न केलेलं मात्र यातही जातं. त्याआधी आर दाबला तर एक्सच्या हातातला कीबोर्ड कर्नल परत घेतो, पण या कळांसाठीच्या डेबियनच्या नेहमीच्या ४३८ या सेटिंगमध्ये त्याला परवानगी असते, उबुंटूच्या १७६ मध्ये नसते.

दोन तयाऱ्या मशीन धड असतानाच करा. एसएसएच सुरू ठेवा, म्हणजे त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून टर्मक्स या ॲपनं आत शिरून अडकलेला आयबस मारता येतो. आणि मागं जांभळं गोल भोक असेल तर भंगारातून एक जुना पीएस/२ कीबोर्ड आणून ठेवा. त्याला यूएसबीशी देणंघेणं नसतं, मात्र तो मशीन बंद असतानाच जोडायचा.