शुश्रूषा : वृद्धाश्रमांतील सेवेचा एक पाठ

या महिन्याच्या पाठासाठी आम्ही एकच शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'शुश्रूषा'. हा शब्द आपण रोज वापरतो. आजाऱ्याची शुश्रूषा, आईबापांची शुश्रूषा, असे बोलतो. पण त्याचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात असतो. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूला इच्छार्थी 'सन्' प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. म्हणजे शुश्रूषा याचा पहिला अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. पुढे गुरूचे ऐकून तसे वागणे आणि त्यावरून सेवा करणे असा अर्थ रूढ झाला. म्हणजे सेवेच्या मुळाशी ऐकणे आहे. जो ऐकत नाही, त्याने कितीही पाय चेपले, कितीही लाडू वाटले, तरी त्याची शुश्रूषा झाली असे म्हणता येत नाही. हे एवढे प्रमेय मनात धरा; पुढचा सगळा पाठ याच्याच आधाराने चालणार आहे.

आता हा विषय आजच का घेतला? २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती; त्यानंतर हा आकडा वाढतच आहे. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. या तालुक्यांतील कोणत्याही गावी सप्ताहाला जा, मांडवात पुढे बसलेली पांढरी डोकी मोजा आणि मग विचारा, 'बाबा, लेकरं कुठं असतात?' उत्तर ठरलेले : कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणी ऊसतोडीला. हातपाय चालतात तोवर म्हातारा शेतावर जातो, म्हातारी चूल पेटवते. पण एकदा का खुब्याचे हाड मोडले, किंवा अर्धांगाचा झटका आला, की प्रश्न उभा राहतो. मग कोणाच्या वाट्याला वृद्धाश्रम येतो.

वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना महाराष्ट्रात १९६३ पासून आहे. १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना निघाली. २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा संसदेने केला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांची सोय असलेला एक तरी आश्रम असावा, आणि तेथील सेवेची प्रत काय असावी हे राज्य शासनाने ठरवावे, अशी तरतूद आहे. शब्दांची एक गफलत येथेच दूर करू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे खाजगी दवाखाना; त्याच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा, वेगळा. परदेशात मात्र अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कायमचे ठेवून घेणाऱ्या घराला ते नाव आहे. आपल्या बहुतेक आश्रमांना चालत्याबोलत्या म्हाताऱ्यांची सोय करता येते. खिळलेल्यांची सेवा कशी करावी हे तेथे कोणी शिकवलेलेच नसते. खरी अडचण ही आहे.

येथे कोणी पूर्वपक्ष मांडील : "महाराज, आईबापांना आश्रमात ठेवणे हेच मुळी पाप. मग तो आश्रम सुधारण्याची उठाठेव वारकऱ्याने कशाला करावी? लोकांना घरीच सेवा करायला सांगा की!"

याचे उत्तर ऐका. घरी सेवा करावी हे खरेच. आम्ही प्रत्येक कीर्तनात तेच सांगत आलो. पण आश्रमात राहणाऱ्यांत निपुत्रिक आहेत, विधवा आहेत, मुलगा आधी गेला असे आहेत. ज्यांची एकुलती एक लेक दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी करते आणि रोज बुडवला तर तिची चूल पेटत नाही, असेही आहेत. बरे, मुलाने टाकून दिले असे धरले, तरी चूक मुलाची. त्याचे प्रायश्चित्त खाटेवरच्या म्हातारीने पाठीच्या जखमांनी का भोगावे? मुलाचा अपराध मोठा आहे, म्हणून आश्रमाची जबाबदारी कमी होत नाही.

आणि आपल्या संप्रदायाचा आरंभच कुठून आहे ते आठवा. पुंडलिकाने आधी आईबापांची हेळसांड केली, मग तो उमगला, आणि सेवेला लागला. प्रत्यक्ष देव दाराशी आला तेव्हा त्याने वीट पुढे सारली, पण हातातले काम अर्धे टाकले नाही. भक्तीच्या बळावर देवाला थांबवता येते. म्हाताऱ्याच्या लघवीची वेळ थांबवता येत नाही. हे त्याला कळले होते. आमच्या मते पुंडलिकाच्या कथेतली ही बाजू आपण पुरेशी सांगत नाही.

आता सेवा चांगली कशी होते ते पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा चौथाई चिकित्सा आहे, वरकाम्या नव्हे. त्याचे चार गुण तेथे दिले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. या चार गुणांवर कोणताही वृद्धाश्रम तोलून पाहता येतो.

१. उपचारज्ञता. म्हणजे काम ठाऊक असणे. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा यांवर दाब पडून रक्त थांबते आणि कातडी मरते. जागा लाल दिसली व बोटाने दाबून सोडल्यावरही लाली हटली नाही, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. ती जागा चोळू नये. तिच्यावरचा भार काढावा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. भरवताना माणूस बसता करावा, घास लहान द्यावा, पहिला गिळल्यावर दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. निजवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो. म्हातारपणी तहान लागल्याचे कळत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात 'पाणी मागितलं नाही' हे कारण चालणार नाही, विचारून विचारून द्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी बेताने घ्यायला सांगितले आहे त्यांचे माप मात्र पाळावे. आणि काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी बरळू लागली, तर 'वय झालं' म्हणून सोडू नये. लघवीच्या मार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, पाण्याची कमतरता, एखादे नवे औषध, यांपैकी काही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

२. दाक्ष्य. म्हणजे तत्परता आणि सावधपणा. म्हातारे माणूस रात्री खाट ते संडास या वाटेवर पडू शकते. तेथे मिणमिणता का होईना दिवा हवा, भिंतीला धरायला दांडी हवी, फरशी कोरडी हवी, उंबरा दिसेल असा हवा. हाक मारल्यावर किती वेळाने कोणी येते, यावरून दक्षता कळते. औषधाची वही हवी : कोणाला, काय, किती वाजता दिले, कोणी दिले. आणि येथे आपल्याच सप्ताहाचा दाखला घ्या. अखंड हरिनाम सप्ताहात विणेकरी पहारा संपला म्हणून वीणा भुईवर ठेवून जातो का? नाही. पुढचा येतो, पायाला हात लावतो, गळ्यात वीणा घेतो, मगच पहिला मोकळा होतो. वृद्धाश्रमात सकाळच्या सेवकाने रात्रीच्या सेवकाला माणसे अशीच हाती द्यावीत : 'या बाबांनी दुपारी खाल्लं नाही, त्या मावशींच्या टाचेवर लाली आहे, यांना आज जुलाब झाले.' निरोप द्यायला पाच मिनिटे लागतात. न दिल्याने माणूस जातो.

३. अनुराग. म्हणजे जिव्हाळा. आम्ही कीर्तनानिमित्त एका आश्रमात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे एका आजोबांचे मनगट धोतराच्या पट्टीने खाटेला बांधलेले होते. विचारले तर उत्तर आले, "उठून जातात हो, पडतील." आम्ही त्यांच्याजवळ बसलो. विसरभोळेपणाचा आजार, बोलणे तुटक. पण टाळ हातात दिला तर ठेका चुकला नाही! दोन अभंग होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. ते उठत का होते? लघवीसाठी उठत होते, आणि ते ऐकायला कोणी नव्हते. चरकाने रोग्याचा एक गुण सांगितला आहे 'ज्ञापकत्व', म्हणजे आपले दुखणे सांगता येणे. ज्याचे ते सामर्थ्य गेले, त्याचे सेवकाने ओळखायचे असते. यालाच आम्ही आरंभी 'ऐकण्याची इच्छा' म्हटले. अमेरिकेतही पूर्वी अशा घरांत वृद्धांना सर्रास बांधून ठेवीत. १९८६ मध्ये तेथील तज्ज्ञांनी या घरांवर अहवाल दिला, १९८७ मध्ये कायदा झाला. त्यात सोयीसाठी बांधण्यास मनाई झाली आणि सेवकांना निदान ७५ तासांचे शिक्षण आवश्यक ठरले. पुढे बांधण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. तेव्हा 'दुसरा उपायच नाही' हे म्हणणे खरे नव्हे.

४. शौच. म्हणजे शुचिता, बाहेरची आणि आतली. हात धुणे, ओले कपडे लगेच बदलणे, तोंड व कवळी रोज साफ करणे, पायाची नखे कापणे, चष्मा पुसून देणे ही बाहेरची. आतली शुचिता अशी की अंग पुसताना दार लावावे, पडदा ओढावा, 'आता कूस बदलतो हं, बाबा' असे सांगून हात लावावा. चारचौघांत 'हिनं पुन्हा भरवलं' असे ओरडू नये. पैशाचाही शौच असतो : म्हातारीच्या श्रावणबाळ योजनेच्या पैशाचा हिशेब तिला कळला पाहिजे.

आता सेवकांची बाजू. एका बाईकडे रात्रभर तीस खाटा सोपवल्या आणि पगार वेळेवर दिला नाही, तर चारी गुण कोठून येणार? तिला दोन तासांनी कूस बदलायला सांगणे म्हणजे थट्टा. जेथे सेवेची प्रत वाढवायची तेथे आधी सेवकांची संख्या, शिकवण, पगार आणि विश्रांती पाहावी लागते. आश्रमाच्या विश्वस्तांनी कमानीआधी हा खर्च करावा.

मग आपण वारकऱ्यांनी काय करायचे? आपण एकादशीला, वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला आश्रमात पंगत घालतो. शिरा-पुरी, बुंदी. ज्यांना दात नाहीत त्यांना पुरी, ज्यांना मधुमेह आहे त्यांना बुंदी! पंगत जरूर घाला, पण आधी विचारा, 'यांना काय चालतं?' त्या खर्चात एक चांगली गादी, चार दांड्या, एका सेविकेची दोन महिन्यांची शिकवण होते. फोटो काढून निघू नका; खाटेशी बसा. आणि न सांगता, अवेळी जा. गेल्यावर पाच गोष्टी पाहा : वास येतो का, पाण्याचे भांडे हाताला लागते का, हाकेला ओ मिळते का, कोणी बांधलेले आहे का, आणि सेवक माणसाला नावाने हाक मारतात की खाटेच्या नंबराने.

दोष दिसला तर आधी व्यवस्थापकांना शांतपणे सांगा, मग विश्वस्तांना, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला लिहून द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट फोन आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने साठीवरील माणूस स्वतः, किंवा त्याच्या वतीने त्याने नेमलेली व्यक्ती अथवा संस्था, उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. निकाल साधारण ९० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. निपुत्रिकाची मालमत्ता ज्या नातलगाच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्याच्याकडे जाणार आहे, तो ऐपतदार असेल तर त्याच्यावरही सांभाळण्याचा भार आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. म्हणून लिहून देताना ती अट कागदावर घाला, बरं का.

कयाधूकाठच्या नर्सीहून नामदेवरायांची पालखी आषाढीला पंढरीला निघते. त्या वाटेवर दिंडीतला कोणी थकला तर चोपदार वाट पाहतो, कोणी खांद्याला धरतो, कोणी पाणी देतो. मागे टाकून कोणी जात नाही. ज्यांनी चाळीस-पन्नास वाऱ्या केल्या, ज्यांचे पाय आता चालत नाहीत, ते आपल्याच दिंडीतले आहेत. फक्त त्यांचा मुक्काम लांबला आहे. तेव्हा प्रत्येक फडाने, प्रत्येक गावच्या भजनी मंडळाने जवळचा एक आश्रम किंवा गावातलीच एक खाट धरावी, आठवड्यातून एक ठरलेला वार द्यावा, आणि तो वार एकादशीसारखा पाळावा. गेल्यावर आधी बोलू नये. ऐकावे. मग सेवा काय करायची ते समोरचा माणूसच सांगतो.